फुंकणी पुसायची नसते

४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला बसायचो आणि पेन ठेवून द्यायचो. हे पत्र नेहमीसारखं तुझ्या कारखान्याच्या पत्त्यावर टाकतोय. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज केला तर तुझ्याआधी तुझी पोर चिमणी वाचते, तेव्हा आपलं कागद-पेनच बरं. मागांच्या खडखडाटानं तुझे कान खाल्ले. डोळे तरी जप.

इकडची बातमी म्हणजे मी भट्टीवरून उतरलो. आता घासाईच्या खोलीत बसतो. बरण्यांच्या कडा दगडावर घासायच्या, पाण्याखाली धरून बघायच्या, पुन्हा घासायच्या. दिवसभर हात ओले आणि तोंड बंद. मुकादमाला सांगितलं, छातीत दम राहिला नाही. अधूनमधून ताप येतो, ते मात्र खरं आहे.

पैलवानाशी माझं बिनसलं. तुला तो आठवत असेल, काडीसारखा हडकुळा, म्हणून पैलवान. एवढी वर्षं आम्ही दोघं एका फुंकणीवर. मोठी बरणी एका माणसाच्या श्वासात होत नाही. मी फुंकायचं, मग फुगलेली काच गोल करायला मी खाली वाकायचं आणि पुढचा श्वास त्यानं घालायचा. लोखंडी नळी माझ्या तोंडातून थेट त्याच्या तोंडात. मध्ये फुंकणी पुसायची नसते. वेळ नसतोच, पण वेळ असला तरी पुसायची नसते, तो जोडीदाराचा अपमान. एकमेकांची आयमाय काढून भांडलेले लोकसुद्धा पुसत नाहीत. आणि मी पुसली. सगळ्यांसमोर, शर्टाच्या बाहीनं. तो नुसता बघत राहिला, तोवर काच खाली लोंबली आणि बरणी वाया गेली. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही.

आणखी एक. मागे तुला मी निळा ग्लास फुंकून दिला होता, त्यातून पाणी पिऊ नकोस. चिमणीला तर मुळीच देऊ नकोस. टाकून दे. काच बरोबर जमली नव्हती, तडकायची कधीतरी.

इकडे यायचं सध्या मनात आणू नकोस. खोली लहान आहे आणि मी कामात असतो.

— फुग्या

१२ फेब्रुवारी

फुग्या,

तुझं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि तिथेच हसले. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मी किती मोठ्यानं हसते ते मला कळत नाही ना! तुझे भाऊजी तर म्हणतात, हिच्याशी भांडायचं झालं तर आधी खिडक्या लावून घ्याव्या लागतात.

एवढा मोठा घोडा झालास आणि लहान पोरांसारखा रुसवा धरून बसलास? पैलवानानं काय केलं ते तू लिहिलंच नाहीस. कांदा खाऊन आला होता का? की तुझी बरणी मोडली? काहीही असो, चूक तुझी दिसतेय. नाक मुठीत धरून जा आणि माफी माग. जोडीदार काही झाडाला लागत नाहीत. तू घासाईच्या खोलीत बसलास हे मला पटत नाही. शाळेत असताना साबणाचे फुगे काढून अख्खी मोरी भरून टाकणारा माझा भाऊ कडा घासत बसलाय, हे डोळ्यांसमोर येतच नाही.

छातीचं म्हणशील तर डॉक्टरला दाखव. ताप अंगावर काढू नकोस. तुझ्यासाठी गळ्याभोवतीचं विणायला घेतलंय, लाल रंगाचं आहे, नाक मुरडू नकोस.

ग्लास मी कशाला टाकू? रोज त्यातूनच पाणी पिते. चिमणीला हात लावू देत नाही, कारण ती फोडेल. तळाशी एक बुडबुडा अडकलाय ना, तो मला आवडतो. तुझ्या भाऊजींना मी सांगते, हा माझ्या भावाचा श्वास आहे.

पुढच्या महिन्यात मला सुट्टी आहे. तू नको म्हण, मी येणारच.

— ताई

२० फेब्रुवारी

ताई,

हे पत्र आजूबाजूला कुणी नसताना वाच.

पैलवानानं काही केलेलं नाही. मला एचआयव्ही झालाय. ताप जाईना म्हणून सरकारी इस्पितळात गेलो होतो, तिथे रक्त घेतलं. मग दुसऱ्यांदा बोलावलं. एका लहान खोलीत एका बाईंनी दार लावून मला सांगितलं. बाई चांगल्या होत्या. खूप वेळ बोलल्या. पहिल्या वाक्यानंतरचं मला काही ऐकू आलं नाही. त्यांच्या टेबलावर पाण्याचा जग होता, त्याच्या काचेत लाट होती, साच्यातली काच अशीच येते. मी ती लाट बघत बसलो.

कुठून आला ते विचारू नकोस. माझ्या आयुष्यात कुणीतरी होतं, नंतर नाहीसं झालं. याहून जास्त मला लिहवत नाही.

गोळ्या दिल्यात. रोज एक, जन्मभर. घेतल्या तर माणूस इतरांसारखा जगतो म्हणे. डबी खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत, मोज्यांखाली ठेवली आहे. उघडलेली नाही.

ताई, पैलवानाला खोकला आहे. थंडीपासून जात नाही. भट्टीच्या धगीनं आमचे ओठ कायम फुटलेले असतात, माझेही आणि त्याचेही. किती वेळा फुंकणीच्या तोंडाला रक्त लागलं असेल. आणि तो पुसत नव्हता, कारण पुसायची नसते. त्याला दोन मुली आहेत. धाकटी मला बघितलं की गाल फुगवते. मी त्याला दिला असेल तर मी कुठल्या तोंडानं गोळी गिळू? आपण बरं व्हायचं आणि त्याला सांगायचंसुद्धा नाही? आणि सांगायची माझ्यात हिंमत नाही. रोज ठरवतो, रोज डबा धुवायच्या नळाशी तो दिसला की मी माघारी फिरतो.

मग रिकामा बसलो की आणखी मागचं आठवतं. किती बरण्या, किती ग्लास, किती दिवे. सगळ्यांत माझाच श्वास. लोक त्यातून पाणी पितात, पोरांना दूध देतात. म्हणून तुला ग्लास टाक म्हटलं होतं. फोडून टाक.

मला जगायचं आहे की नाही, मला माहीत नाही. खरं सांगायचं तर आजकाल तो प्रश्नच पडत नाही. सकाळ होते, मी कडा घासतो.

येऊ नकोस.

— फुग्या

२ मार्च

फुग्या, माझ्या राजा,

तुझं पत्र वाचून मी आधी हात धुतले. साबण लावून. हे तुला सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. हात धुऊन झाल्यावर मला कळलं मी काय केलं ते, आणि मग मी नळाशीच बसले आणि रडले. कागद होता तो, फुग्या. तुझं अक्षर होतं.

मग कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. नाव न सांगता विचारलं. मला ऐकू येत नाही म्हणून त्यांनी कागदावर लिहून दिलं. थुंकीतून होत नाही. उष्ट्यातून होत नाही. ओठ फुटलेले असले तरी? मी पुन्हा विचारलं. त्यांनी लिहिलं, अशा तऱ्हेनं कुणाला झाल्याचं मी पाहिलं नाही, ऐकलंही नाही, आणि खाली रेघ मारली. मग ग्लासाचं विचारलं. माझ्याकडे त्या बघतच राहिल्या. अरे वेड्या, काच भट्टीतून निघते तेव्हा लोखंड लाल होईल इतकी तापलेली असते, हे मी तुला सांगायचं? ग्लास फोडणार नाही. आताही समोर आहे.

पण तुझं पैलवानाचं काही माझ्या डोक्यातून जाईना. डॉक्टरीणबाईंनी हजार वेळा लिहिलं तरी तुला पटणार नाही, मी तुला ओळखते. तो धडधाकट आहे हे दिसल्याशिवाय तू डबी उघडणार नाहीस. आणि तू त्याला सांगणार नाहीस. मग कुणी सांगायचं?

म्हणून काल मी येऊन गेले. रागावू नकोस. तुझ्या खोलीवर आले नाही, तू नको म्हणाला होतास. सरळ कारखान्यावर गेले. मुकादमानं खुणेनं सांगितलं की तू आज आलाच नाहीस, ताप आहे. दुपारची सुट्टी होती, माणसं भिंतीला टेकून जेवत होती. पैलवानानं मला लगेच ओळखलं. मी त्याला बाजूला नळाशी नेलं आणि अगदी त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळूच सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही एकदा तपासून घ्या, म्हणजे माझा भाऊ गोळी घेईल.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण माणूस फार मायाळू आहे रे. माझा बांध फुटेल असं वाटून त्यानं माझ्या तोंडावर हात धरला, माझ्याकडे बघून मान हलवत राहिला. सगळे आमच्याकडे बघत होते. परकी बाई आली की बघणारच.

आता तुझ्या मनावरचं ओझं उतरेल. गोळी घे. माझी शपथ आहे.

— ताई

५ मार्च

ताई,

तू कुजबुजली नाहीस.

तुला वाटलं तू हळू बोललीस. भट्टीवरची सगळी माणसं, घासाईच्या बायका, वरच्या कचेरीतला कारकूनसुद्धा, सगळ्यांनी ऐकलं. माझं नाव, रोगाचं नाव, डबी मोज्यांखाली आहे इथपर्यंत. पैलवानानं तुझ्या तोंडावर हात धरला तो तुला गप्प करायला. आणि तू बोलतच राहिलीस.

मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. माझा स्टूल खोलीबाहेर, पत्र्याच्या शेडखाली ठेवला होता. कुणी काही बोललं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ज्या नळाला हात लावला तो एका बाईनं राखेनं घासला. मालकांनी बोलावलं, तू काय काय बोललीस ते सगळं ऐकवलं, खुर्चीवर बस म्हणाले नाहीत, म्हणाले, थोडे दिवस घरी आराम कर, आम्ही कळवू. खूप गोड बोलले.

माझ्याकडे एवढीच एक गोष्ट होती, की कुणाला माहीत नव्हतं. तेवढ्यावर मी सकाळी उठत होतो. ती तू नळाशी उभं राहून वाटून टाकलीस.

तुझ्या मनात वाईट नव्हतं, हे मला कळतं. कळून काही उपयोग होत नाही. मला पत्र लिहू नकोस. लिहिलंस तर मी फोडणार नाही.

२३ मार्च

फुग्या,

हे तिसरं पत्र. आधीची दोन तू फोडली नसशील, हेही फोडणार नाहीस. तरी लिहिते, दुसरं काय करू.

मी घरात बोलणं बंद केलंय. चिमणीला वाटतं माझा घसा बसलाय. काही बोलावंसं वाटलं की आपल्या आवाजाची भीती वाटते, हा आवाज कुठवर जातोय कोण जाणे. एवढी वर्षं लोक माझ्या मोठ्या आवाजाला हसायचे, मीही हसायचे. त्या दिवशी पैलवानाचा हात माझ्या तोंडावर होता, आणि मला वाटलं माया आहे. आता रोज तो हात आठवतो. काचेची रेती लागलेला, खरखरीत.

माफी मागत नाही. माफ करण्यासारखं नाहीच ते. फक्त तू आहेस का, एवढं कळव. कोरा कागद पाठवलास तरी चालेल.

— ताई

११ एप्रिल

ताईंना पैलवानाचा नमस्कार.

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घ्या. तुमचा पत्ता तुमच्याच पाकिटावरून घेतला. तुमची पत्रं त्याच्या दाराच्या आत पडून आहेत, फोडलेली नाहीत, पण टाकलेलीही नाहीत.

तो आहे. हे आधी लिहितो. बरा नाही, पण आहे.

तुम्ही येऊन गेल्यावर मी चार दिवस त्याच्याकडे गेलो नाही. खोटं कशाला बोलू, घाबरलो होतो. बायकोनं माझा टॉवेल वेगळा केला, मुलींना माझ्याजवळ झोपू देईना. मग मी इस्पितळात गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, फुंकणीनं काही होत नाही, तुम्हाला तपासायची गरज नाही. मी म्हटलं, मला गरज नसेल, माझ्या जोडीदाराला आहे, त्याला कागद दाखवायचाय. काढलं रक्त. काही नाही निघालं. खोकला आहे तो विडीचा, असं त्या म्हणाल्या आणि वर चार शब्द सुनावले.

कागद घेऊन उड्या मारत त्याच्या खोलीवर गेलो. दार ढकललं तर तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. खोलीत वास, भांडी तशीच, दाढी वाढलेली. कागद त्याच्या हातात दिला. त्यानं वाचला, पुन्हा वाचला, रडला. मला वाटलं आनंदानं. नंतर म्हणाला, "बरं झालं पैलवान. आता मी एकटाच." असं म्हणून पुन्हा भिंतीकडे वळला. ताई, मला वाटत होतं मी त्याच्यासाठी औषध घेऊन चाललोय. मी गेलो आणि तो जास्तच बुडाला. दोघं असतो तर निदान जोडी राहिली असती, असं त्याच्या मनात कुठेतरी होतं. मला राग नाही आला. त्यालाच स्वतःची लाज वाटली, म्हणून तो गोळीचं नावच काढू देईना.

कारखान्याचं सांगायचं तर मालकांनी प्रत्येकाला वेगळी फुंकणी दिली आणि खुंटीला एकेक फडकं. आता सगळे पुसतात. मोठ्या बरण्या बंद झाल्या, एका श्वासात होत नाहीत ना. मला दिव्यांच्या काचा फुंकायला बसवलंय, पोरखेळ आहे. लोक म्हणतात त्याच्यामुळे झालं. मी म्हणतो तुमच्या भित्रेपणामुळे झालं. माझं कोण ऐकतंय.

इस्पितळात अशाच लोकांची बैठक असते, बाईंनी सांगितलं. मी त्याला एकदा ओढत नेला. तो आत गेला नाही, बाहेर बाकावर बसला. मीही बसलो. आतून लोकांचं हसणं ऐकू येत होतं. तो म्हणाला, हे कशाला हसतात?

तुमच्यावर तो रागावलाय. पण तुमचा लाल पट्टा गळ्यात घालून झोपतो, एवढ्या उकाड्यात. पार्सल तेवढं फोडलं होतं त्यानं.

मी सकाळी कामावर जाताना त्याच्याकडे जातो. अजून काही जमलेलं नाही. जाणार रोज.

— पैलवान

३० एप्रिल

ताई,

तुझी पत्रं आज फोडली. सगळी एकदम वाचली. हात धुतल्याचं त्यांच्याआधी वाचलं होतं, आज पुन्हा आठवलं. ते तू लिहिलं नसतंस तर तुझ्यावर जास्त रागावलो असतो.

राग गेला असं नाही. तो आहे, बाकीच्या सगळ्यासारखा खोलीत पडून. पण तू घरात बोलत नाहीस हे वाचून मला कसंतरी झालं. चिमणीशी बोल. तिनं काय केलंय?

मला बरं वाटतं असं मी लिहावं, असं तुला वाटत असेल. तसं नाही. कारखान्यातून निरोप आलेला नाही, येणारही नाही. रस्त्यानं जाताना ओळखीची माणसं दुकानांच्या पाट्या बघत राहतात. कुणी मेल्यावर शेजारी जसे हळू बोलतात तसे सगळे माझ्याशी बोलतात, आणि मी तर समोर उभा असतो. कधी कधी वाटतं, मीच चुकून मागे राहिलोय. पैलवानानं तुला काय लिहिलं ते त्यानं मला सांगितलं. ते खरं आहे. त्याला काही नाही हे वाचून मी देवाचे पाय धरायला हवे होते. मला वाटलं, आता माझ्या बाजूला कुणीच नाही. असा विचार करणारा माणूस जगून तरी काय करणार, असं पुढे कितीतरी दिवस वाटत होतं. अजून वाटतं.

गोळ्या सुरू केल्यात.

कशा ते सांगतो, नाहीतर तू भलतंच समजशील आणि पेढे... नाही, काही वाटू नकोस कुणाला. पैलवान सकाळी कामावर जाताना येतो. पेटी ओढतो, मोजे भिरकावतो, गोळी माझ्या हातावर ठेवतो आणि दारात उभा राहतो. आधी शिव्या द्यायचा, मग विनवायचा, मग मुलींच्या शपथा. मी ढिम्म. एक दिवस काहीच बोलला नाही. नुसता उभा राहिला. कारखान्याचा भोंगा झाला, तरी उभा. मी म्हटलं, जा, अर्धा दिवस कापतील. तो म्हणाला, कापू देत, उद्याही कापू देत, मला दिव्याच्या काचा फुंकण्यात रस नाही. त्याच्या पोरी डोळ्यांसमोर आल्या. मी गिळली.

तेव्हापासून रोज गिळतो, त्याला उशीर होऊ नये म्हणून. जगायचं ठरवलंय म्हणून नाही. हे तुला सरळ सांगतो. सुरुवातीला डोकं गरगरायचं, वाईट स्वप्नं पडायची, आता तेवढं नाही. बाई म्हणतात, घेत राहा, बाकीचं मागून येईल. येत असेल. मला अजून काही दिसलं नाही.

तुला यायचं असेल तर ये. मोठ्यानं बोललीस तरी चालेल. इथे आता कुणाला काही कळायचं राहिलेलं नाही.

निळा ग्लास फोडला नाहीस ते बरं केलंस. माझ्याकडे त्याचा जोड आहे, त्याच दिवशी फुंकलेला. गोळी त्यातूनच घेतो. पहिल्या दिवशी गोळी गिळून ग्लास खाली ठेवला, तर पैलवानानं तो उचलला. मी ओरडलो, अरे उष्टा आहे, थांब, धुतो. त्यानं माझा हात झटकला, उरलेलं पाणी एका दमात प्यायला आणि धावत कामावर गेला. कड पुसली नाही. आता रोज तसंच करतो, तळाशी घोटभर उरलेलं असतं तेवढं.

आज मी अर्धा ग्लास उरवला.

— फुग्या